चहाच्या टोपड्यातली नावं

डेस्ली रूर्कची ती चार खोकी सत्तेचाळीस वर्षांत कुणी उघडली नव्हती. नवऱ्याने नाही, पोरांनी नाही, खुद्द डेस्लीनेही नाही. घर लाकडी खांबांवर उभं. खाली धुण्याचं यंत्र, मोडक्या सायकली, रंगाचे सुकलेले डबे आणि त्यांच्या मागे उंच फळीवर ही खोकी. ब्रिस्बेनची नदी दोनदा अंगणात शिरली, तेव्हा बाईने आधी खोकी माडीवर नेली, मग मांजर आणि मग नवऱ्याला हाक मारली. नवरा हे मरेपर्यंत लोकांना सांगत असे.

"काही म्हणा," डेस्ली कुणालाही अडवून ऐकवायची, "दोनदा झडती झाली आमची. गाद्या उसवल्या, पिठाचे डबे उपडे केले. पण एक नाव मिळालं नाही त्यांना. एक!"

आणि ते खरं होतं. सत्त्याहत्तर साली राज्य सरकारने रस्त्यावर मोर्चा काढायलाच बंदी घातली. गल्लीत चार माणसं फलक घेऊन उभी राहिली की पोलिसांची गाडी हजर. तेव्हा या वस्तीतल्या बायकांनी आणि गोदीतल्या दोन-तीन पुरुषांनी मिळून एक समिती काढली. पत्रकं छापायची, वाटायची, पकडलेल्यांना सोडवून आणायचं. डेस्ली सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर खुर्च्या मांडा, चहा करा आणि सगळे घरी गेले की वही उघडून कोण काय बोललं ते लिहीत बसा. तिला लिहायची फार हौस. पण वही पोलिसांच्या हाती पडली तर? म्हणून तिने एक युक्ती काढली आणि त्या युक्तीवर ती जन्मभर खूश होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्यांवर फळांची नावं. आंबा, पपई, अननस, पेरू, सीताफळ, लिची. किटलीवर घालायचं लोकरीचं टोपडं असतं ना, ते उलटं धरायचं आणि ज्याने त्याने त्यात हात घालून आपली चिठ्ठी काढायची. महिनाभर तेच नाव. चिठ्ठी वाचून झाली की बशीत जाळायची. पुढच्या महिन्यात पुन्हा नव्या चिठ्ठ्या. म्हणजे मार्चमधला आंबा एप्रिलमध्ये पेरू आणि मेमध्ये आणखी कोणी. एखाद्याला पोलिसांनी कितीही दमात घेतलं तरी गेल्या महिन्यातला आंबा कोण, हे त्यालाच धड आठवायचं नाही.

एकटी डेस्लीच कायमची लिंबू. टोपडं धरणारीच ती, मग चिठ्ठी काढणार कशी? "आणि तोंडही तसंच आहे हिचं," शेजारची कोरल म्हणायची, आणि सगळे हसायचे. डेस्लीसुद्धा.

फोनचा नियम तर त्याहून कडक. डेस्लीच्या फोनमध्ये टिक-टिक यायची. कोणी तरी ऐकतंय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फोन उचलला की ती आधी त्या ऐकणाऱ्याला म्हणायची, "नमस्कार साहेब, चहा झाला का?" मग पलीकडच्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. कामाचं एक अक्षर नाही.

आता डेस्ली ऐंशीला टेकली होती. कोरल गेली, गोदीवाले गेले, समितीतलं कोणी म्हणता कोणी उरलं नव्हतं. म्हणून तिने राज्याच्या ग्रंथालयाला कळवलं की या आणि घेऊन जा. वस्तीच्या वार्तापत्रात तशी चार ओळींची बातमी आली. आणि त्या बातमीमागोमाग एक पत्र आलं.

'मी फ्रान्का ब्रेसनची मुलगी लिडिया. आई जुलैत गेली. तुमच्या कागदांत तिच्याविषयी काय लिहिलंय, ते मला एकदा बघायचंय.'

डेस्लीने ते पत्र दोनदा वाचलं. मग तिने लिडियाला उत्तर लिहिलं आणि ग्रंथालयाची टॅम्सिन ज्या मंगळवारी येणार होती, त्याच मंगळवारी बोलावलं. खरं सांगायचं तर त्या मुलीसमोर एकटीने बसायची तिची छाती नव्हती.

टॅम्सिन सकाळी नऊलाच आली. पस्तिशीची, केस आखूड, बोलणं मऊ. करड्या रंगाच्या नव्या पेट्या, पेन्सिली, मऊ ब्रश असा सगळा सरंजाम घेऊन. पहिलं खोकं उघडलं आणि वही उलगडली तेव्हा तिचा चेहरा खुलला. दहा पानं उलटली आणि चेहरा पडत गेला.

"डेस्ली, यात नावं कुठेत?"

"नाहीतच," डेस्ली ऐटीत म्हणाली.

"म्हणजे दुसरीकडे यादी असेल. आंबा म्हणजे अमुक, पपई म्हणजे तमुक."

"जाळली. बशीत."

टॅम्सिनने फोटोंचं पाकीट उघडलं. मोर्चातली माणसं, हातात हात, फलक, आणि प्रत्येकाच्या मानेवर गोल भोक. दहा सेंटचं नाणं ठेवून डेस्लीनेच नखं कापायच्या कात्रीने चेहरे कापले होते. किती सुबक कापलेत बघ, असं ती म्हणणार होती, पण टॅम्सिनकडे पाहून तिने ते गिळलं.

"पोलिसांकडे तरी याद्या असतील तुमच्या?"

"असणारच. मी अर्ज करून मागितल्या होत्या. सापडत नाहीत म्हणून उत्तर आलं."

"म्हणजे ज्यांच्याकडे नावं होती त्यांचे कागद गेले, आणि कागद उरलेत त्यात नावं नाहीत." टॅम्सिनने पेन्सिल खाली ठेवली. "डेस्ली, उद्या कुणी नात येईल, माझी आजी यात होती म्हणेल. तिला मी काय दाखवू? अननस?"

डेस्ली फोटो पाकिटात परत भरू लागली. इतकी वर्षं जिचा तोरा मिरवला ती गोष्ट एका पोरीने दोन वाक्यांत पार उलटीपालटी केली, आणि तिला राग यायला हवा होता, पण आली ती भीती.

"निदान एखादं तरी नाव पक्कं सांगता येईल तुम्हाला?" टॅम्सिनने विचारलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

लिडिया बावन्नची होती, पण डेस्लीला ती चटकन ओळखू आली. फ्रान्काचंच रुंद कपाळ, फ्रान्काच्याच जाड भुवया. शेवटची पाहिली ती पाच वर्षांची, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसलेली. त्या दिवशी फ्रान्का टोमॅटो उकडून बाटल्यांत भरत होती. हात कोपरापर्यंत लाल. समितीने डेस्लीला पाठवलं होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," डेस्ली म्हणाली होती.

"मी काय केलं?"

"तुझं तुला माहीत."

तीन वाक्यं. त्याच्या आदल्या गुरुवारी धाड पडली होती. शनिवारी राज्याची निवडणूक, आणि गुरुवारी पोलिसांनी सायक्लोस्टाईलचं यंत्र आणि चार हजार पत्रकं उचलून नेली. यंत्र नुकतंच नव्या जागी, एका गॅरेजात हलवलं होतं. ती जागा समितीतल्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. म्हणजे आतल्याच कुणीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी घरोघरी जाऊन वस्तीतल्या सात जणांना धरलं. सहा जण सकाळपर्यंत आत, आणि फ्रान्का तासाभरात घरी! तिच्या चर्चमधला एक हवालदार मध्ये पडला होता, घरी लहान मूल आहे म्हणून. पण ते कोण ऐकून घेतो? बोट तिच्याकडे वळलं. अननसाच्या कारखान्यात ती डबे भरायची, तिथे चहाच्या सुटीत बायका तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या. वर्षभरात ब्रेसन कुटुंब सफरचंदांच्या मुलखात, डोंगराकडे निघून गेलं.

"या, बसा," डेस्ली म्हणाली. "चहा घेणार ना?"

"नको, मिसेस रूर्क," लिडिया म्हणाली.

लहानपणी ही पोर तिला डेसमावशी म्हणायची. डेस्लीने तरीही तीन कप ओतले.

"आई शेवटपर्यंत एकच सांगायची," लिडिया म्हणाली. आवाज शांत होता, घोकून आल्यासारखा. "यंत्र हलवायचं ठरलं त्या बैठकीला मी नव्हतेच. माझी कारखान्यात दुपारची पाळी होती. जागा कुठे हेच मला ठाऊक नव्हतं, तर मी सांगणार काय? मी म्हणायचे, आई, जाऊ दे आता. तर म्हणायची, जाऊ कसं देऊ, डेसच्या वहीत आहे ना. डेस सगळं लिहिते. कधीतरी ती वही उघडेल."

डेस्लीने कप खाली ठेवला. सत्तेचाळीस वर्षं ती बाई या वहीच्या भरवशावर जगली, आणि वही इथे सायकलींच्या मागे.

"बघू या," टॅम्सिन हळूच म्हणाली. "तारीख काय?"

"सहा नोव्हेंबर," डेस्ली म्हणाली. तारखा तिला सगळ्या पाठ होत्या. नावंच तेवढी नव्हती.

वही सापडली, पान सापडलं. डेस्लीचं जुनं, उजवीकडे कललेलं अक्षर. वर लिहिलं होतं: हजर आंबा, पपई, अननस, पेरू, लिची, लिंबू. गैरहजर सीताफळ, कामाच्या पाळीवर.

लिडिया ताडकन पुढे झुकली. "पाळीवर! ही आईच. सीताफळ म्हणजे आईच ना?"

डेस्लीने डोळे मिटले. टोपडं दिसलं, तपकिरी लोकरीत नारिंगी पट्टे. बशी दिसली, कोरलचं हसणं ऐकू आलं. पण पाळीवर असलेल्या माणसाची चिठ्ठी दुसरंच कोणी काढायचं. ती कुणी काढली? तीन माणसं पाळीवर जायची, फ्रान्का आणि गोदीवाले दोघे. त्या रविवारी कुठली खुर्ची रिकामी होती? तिने खोलीभर नजर फिरवली, मनातल्या मनात एकेक खुर्ची धरून पाहिली. प्रत्येक खुर्चीत प्रत्येक जण बसलेला दिसायचा. इतक्या बैठका झाल्या होत्या त्या खोलीत.

"पाळीवर जाणारे तीन होते, पोरी," ती म्हणाली.

"पण त्यातली आईच असेल."

"असेल. असणारच. पण आठवत नाही गं मला."

"नीट आठवून बघा."

"सकाळपासून तेच करतेय. आठवू नये म्हणूनच केलं होतं आम्ही सगळं." डेस्ली म्हणाली. "फार चांगलं केलं, मेलं."

टॅम्सिनने महिनाभराची पानं पुढे-मागे तपासली. सीताफळ काही बोललं असेल, कारखान्याचा उल्लेख असेल, मुलीचा असेल. काही नाही. ओळख पटेल अशा घरातल्या खुणासुद्धा डेस्लीने गाळल्या होत्या. आणि फ्रान्काला काढून टाकल्याचा ठराव? तोही नव्हता. धाडीनंतरच्या रविवारचं पान होतं, त्यात वर्गणी होती, वकिलाच्या फीचं होतं, तेवढी एक गोष्ट नव्हती.

"हे का नाही लिहिलं?" लिडियाने विचारलं.

"लाज वाटली असेल," डेस्ली म्हणाली. दुसरं काय सांगणार?

लिडियाने वही आपल्याकडे ओढली. हार मानायला ती आली नव्हती. सहा नोव्हेंबरचं पान तिने पहिल्यापासून, एकेक शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचायला घेतलं, शाळेतली मुलं वाचतात तसं.

"यंत्र नव्या जागी हलवलं. पेरूचे आभार. नवी जागा कुणीही फोनवर बोलू नये, पुन्हा बजावलं. शाई संपत आली. लिंबू दुकानाला फोन करून डबे मागवेल, गुरुवारी चार वाजता, थेट नव्या जागी पोचते करायचे. पुढची बैठक…" ती थांबली. बोट मागे गेलं. "नवी जागा फोनवर बोलू नये. आणि पुढच्याच ओळीत फोन?"

टॅम्सिनने मान वर केली.

"धाड किती वाजता पडली होती?" लिडियाने विचारलं.

"सव्वाचार," डेस्लीच्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा डेस्लीच्या धाकट्याला गालगुंड झालं होतं. घरातून पाय निघत नव्हता. एरवी ती बसने दुकानात जायची, पण त्या आठवड्यात कसं जाणार? बुधवारी तिने फोन उचलला. "नमस्कार साहेब, चहा झाला का?" म्हणाली, हसली आणि दुकानाचा नंबर फिरवला. दोन डबे काळी शाई, आणि पत्ता लिहून घ्या. शाई मागवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. ते बाजारहाट होतं. दूध मागवावं, पाव मागवावा, तशी शाई. नंतर सगळे डोकं धरून बसले, कोण बोललं, कोण फुटलं, तेव्हा हा फोन तिच्या ध्यानीमनीही आला नाही. इतकी वर्षं आला नाही. आणि आता तो तिच्याच अक्षरात समोर होता.

"लिंबू कोण?" लिडियाने विचारलं.

सकाळपासून डेस्लीने वीसदा तरी सांगितलं होतं की आठवत नाही. वीसही वेळा ते खरं होतं. एकविसाव्यांदा सांगितलं असतं तर त्या दोघींनी बिचारी म्हातारी म्हणून मान हलवली असती, आणि लिंबू पेरूच्या नि पपईच्या रांगेत कायमचं जाऊन बसलं असतं. शब्द तिच्या ओठांवर आलासुद्धा.

"मी," ती म्हणाली.

खाली शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता. टॅम्सिन उठून खिडकीपाशी गेली, उगीचच.

"शाई?" लिडिया म्हणाली. "दोन डबे शाईसाठी?" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "डेसमावशी, तुला माहीत होतं?"

"नाही गं पोरी. देवाशपथ नाही. आत्ता कळलं. तुझ्याबरोबरच कळलं."

"जूनमध्ये आले असते तर आई होती."

डेस्लीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. लिडियाने तो ओढून घेतला नाही, पण धरलाही नाही. टेबलावर तसाच पडू दिला.

"लिहून घे, टॅम्सिन," डेस्ली घाईने म्हणाली. "आत्ताच्या आत्ता लिही. फ्रान्का ब्रेसनने कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिला खबरी ठरवलं ते खोटं होतं. खाली माझी सही घे. वहीला जोडून टाक."

टॅम्सिन परत येऊन बसली. बोलणं तिला जड जात होतं हे दिसत होतं.

"जोडता येईल. तुमचं निवेदन म्हणून. पण डेस्ली, या चार खोक्यांत फ्रान्काबाईंचं नावच नाही. त्यांच्यावर आळ घेतल्याचंही कुठे नाही. उद्या कुणी ब्रेसन हे नाव शोधलं, तर सापडेल तो हा एकच कागद. त्यांच्या नावाशेजारी खबरी हा शब्द पहिल्यांदा आपणच लिहिणार. खाली 'नव्हत्या' असं लिहू, पण लोक अर्धंच वाचतात." ती लिडियाकडे वळली. "तुम्ही म्हणाल तसं करू."

लिडियाने वही पुन्हा पुढ्यात घेतली. सीताफळ या शब्दावरून तिने एकदा अंगठा फिरवला.

"नको," ती म्हणाली. "असं तर नकोच."

"मग नुसतं नाव लिहू. समितीची सभासद होती म्हणून," डेस्ली म्हणाली.

"आणि ती यातली कुठली, याचा पुरावा?" लिडियाने टॅम्सिनला विचारलं. टॅम्सिनने फोटो पुढे सरकवले. सगळ्या मानांवर तेच एक नाण्याएवढं भोक. लिडियाने ते एकेक करून पाहिले. अंगकाठी, कपडे, चपला. दोन फोटोंपाशी ती थबकली आणि मग मान हलवली. त्या काळी सगळ्याच बायका तसे फुलाफुलांचे झगे घालायच्या.

"मी काय करू ते सांग," डेस्ली म्हणाली. आता ती उघड रडत होती. "काहीही सांग, मी करीन."

"आता?" लिडियाने पर्स उचलली. "आता काय करणार, मावशी?"

ती जिना उतरून गेली. चहाला तिने हात लावला नव्हता.

टॅम्सिनला अर्ज भरायचा होता. ओळख पटलेल्या व्यक्ती, असा त्यात एक रकाना होता. तिने विचारणाऱ्या नजरेने पाहिलं, डेस्लीने मान डोलावली, आणि तिथे 'लिंबू: डेस्ली रूर्क' एवढं लिहिलं गेलं. बाकी सगळ्यांपुढे 'अज्ञात'. डेस्लीने सही केली. दुपारी एकच्या सुमारास चारही खोकी करड्या पेट्यांत भरून गाडीत गेली. जाताना टॅम्सिनने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली की संग्रह फार मोलाचा आहे. डेस्लीने बरं म्हटलं.

फळी मोकळी झाली होती. वर येऊन डेस्लीने तीन कप विसळले. तिला कुणाला तरी हे सांगायचं होतं, पण कोरल नव्हती, नवरा नव्हता, आणि पोरांना हे सगळं पहिल्यापासून सांगायला लागलं असतं. भिंतीजवळच्या तिपाईवर घरचा फोन अजून होता. पोरं म्हणायची, काढून टाक. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. सूं असा आवाज येत होता. टिक-टिक केव्हाच बंद झाली होती.

"नमस्कार साहेब," डेस्ली म्हणाली. "तुम्ही तेव्हा ऐकत होतात ना? मग तुम्हाला तर ठाऊकच होतं, फ्रान्का नव्हती. तुम्ही तरी कुठे लिहून ठेवलंय का?"

ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली.